डब्ल्यूचा निळा पाय

“बंद कर! आधी बंद कर!”

मावशी ओरडली तोवर तिच्या मुलानं, मास्तरनं, प्लग खेचलासुद्धा होता. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. कालच घरी आलेल्या जुन्या अँप्लिफायरच्या जाळीतून करड्या धुराची शेंडी वर चढत होती आणि मावशीच्या नाचाच्या वर्गात जळक्या रबराचा वास कोंदला होता.

ठिणगीचं बोट अजून बटणावरच होतं. सुट्टीला मावशीकडे आलेली ही बारा वर्षांची मुलगी. हे नाव तिला घरच्यांनी काही उगाच ठेवलं नव्हतं.

“काय काय पिळलंस?” मावशीनं विचारलं.

“काही नाही! फक्त चालू केला.”

“आणि तो आपोआप पेटला?”

“हो!”

“खोटं बोलू नकोस!”

मावशीनं तडक दुकानात फोन लावला. जुन्या टेप, स्पीकर, अँप्लिफायर विकणाऱ्या त्या दुकानदाराला सगळे गॅरंटीकाका म्हणत, कारण त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी गॅरंटी असायची. फोनमधला त्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. “पोरांनी हात लावला ना, ताई? मग खलास! पोरं म्हणजे माकडं. ती खोटं बोलणार, ही मात्र माझी गॅरंटी!”

मावशीनं फोन आपटला. “उद्या सकाळच्या गाडीनं तू तुझ्या घरी.”

मोठी माणसं चुकू शकतात, हे त्या काळी मोठ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माफी मागायची ती मुलांनी!

ठिणगीनं मोरीतल्या बादलीला अशी लाथ घातली की बादली थेट दारात गेली.

“बादलीनं तुझं काय घोडं मारलं?” मास्तर म्हणाला. हा तिचा मावसभाऊ. तेराव्या वर्षीच नाकावर चष्मा आणि जिभेवर उपदेश, म्हणून मास्तर.

“मी खोटारडी नाहीये!”

“मला ठाऊक आहे. मी शेजारीच उभा होतो. चल, यंत्रालाच विचारू.”

अँप्लिफायर गार झाला होता. त्यांनी तो पालथा केला. मागे धातूची छोटी पट्टी होती. मास्तरची धाकटी बहीण चिमणी मध्येच घुसली. ती त्याच वर्षी मोठी इंग्रजी अक्षरं शिकली होती आणि बिस्किटाच्या पुड्यापासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत दिसेल ते वाचत सुटायची.

“एकशे दहा, डब्ल्यू! नव्वद, डब्ल्यू! फ्यूज, एक, ए!”

“ए म्हणजे अँपिअर आणि डब्ल्यू म्हणजे वॅट,” मास्तर म्हणाला. “यंत्र किती वीज खातं ते.”

“मग एकाच पोटाला दोन भुका कशा?” ठिणगी म्हणाली. “एकशे दहा की नव्वद? आणि व्होल्ट कुठे आहेत? वीज किती जोरानं यायला हवी, ते कुणी लिहायचं?”

“हा पहिला डब्ल्यू खोटा आहे!” चिमणी ओरडली. “दोन व्ही शेजारी उभे केले की डब्ल्यू होतो. पण ह्याचा एक व्ही काळा आहे आणि एक निळा!”

तिनं बोट चाटलं आणि पट्टीवर घासलं. निळी शाई बोटाला आली! पट्टीवर राहिला एकच काळा व्ही.

“एकशे दहा व्होल्ट!” मास्तरचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. “थांबा, भागाकार करू. नव्वद वॅटला एकशे दहा व्होल्टनं भागलं, की पाऊण अँपिअरहून जरा जास्त. त्याला फ्यूज एक अँपिअरचा. बरोबर जुळलं! दोनशे वीसचं यंत्र असतं, तर फ्यूज अर्ध्या अँपिअरचा पुरला असता.”

“आणि आपल्या भिंतीतून येते दोनशे वीस. दुप्पट!” ठिणगी म्हणाली. “मग जळणार नाही तर काय गाणार? चला, त्या गॅरंटीची गॅरंटी काढते!”

“कशी? आपल्या चिमणाबाईंनी पुरावा चाटून पुसला! तो म्हणेल, शाई तुम्हीच खोडलीत.”

चिमणीनं निळं बोट पाठीमागे लपवलं.

“त्याच्याच तोंडून वदवायला हवं,” मास्तर म्हणाला. “तुला गोड बोलता येतं?”

“नाही.”

“पाच मिनिटं?”

ठिणगीनं दात आवळले. “बघते.”

दुपारी मावशी अँप्लिफायर दुकानात न्यायला निघाली. ठिणगी आडवी आली. “उद्या मी जातेच आहे. फक्त एवढं ऐक. आम्ही आत जातो, तू पाच मिनिटं दाराबाहेर उभी राहा.” तिच्या डोळ्यांकडे पाहून मावशी नको म्हणू शकली नाही.

दुकानात वायरींचा गुंता गुडघ्यापर्यंत आला होता. वाचनालयाच्या बाई तिथे उभ्या होत्या आणि गॅरंटीकाका त्यांच्यासाठी तस्साच अँप्लिफायर खोक्यात घालत होता.

“काका,” ठिणगी इतकं गोड बोलली की मास्तरलाच ठसका लागला, “ह्याच्यावरची अक्षरं कित्ती ठळक आहेत हो!”

गॅरंटीकाका फुलला. “मग! माल आला तेव्हा अर्धा डब्ल्यू पुसून गेला होता. बाराच्या बारा नगांवर! लोक हजार प्रश्न विचारतात, म्हणून एकेक बसून मी पुरा केला.”

“बारांवर नेमका तेवढाच अर्धा पुसला?” मास्तरनं विचारलं.

“हो ना! गंमतच!”

“एकदा वाचून दाखवा ना,” ठिणगी म्हणाली. तिच्या मुठी पाठीमागे पांढऱ्या पडल्या होत्या.

“एकशे दहा वॅट... नव्वद वॅट...” गॅरंटीकाकाचा आवाज बसला. “दोनदा वॅट?”

“तो अर्धा डब्ल्यू नव्हताच! अख्खा व्ही होता!” ठिणगीचा बांध फुटला. “व्होल्टचे वॅट तुम्ही केलेत आणि माकडं आम्ही? एकदा तरी लावून पाहिला होतात?”

“खोकी परवाच तर आली... म्हटलं, चालतच असणार...”

चिमणीनं बोट चाटलं. मास्तरनं ते हवेतच पकडलं. “हा पुरावा राहू दे!”

“राहू देच,” दारातून मावशी म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. “आणखी अकरा ठिकाणी आग लागली असती, गॅरंटीवाले! ज्यांना विकलेत त्या प्रत्येकाकडे आत्ताच्या आत्ता जा!”

“माझंही खोकं उघडा,” वाचनालयाच्या बाई थंडपणे म्हणाल्या. “संध्याकाळी ह्याच्यापुढे चाळीस मुलं बसणार होती. मुलांनो, शाबास!”

“शाबास, शाबास!” गॅरंटीकाका ठिणगीची पाठ थोपटायला पुढे आला. ती मागे सरकली.

“शाबासकी नको. सकाळी फोनवर म्हणालात, ते परत घ्या.”

गॅरंटीकाकानं कपाळावरचा घाम पुसला. “चुकलं माझं, पोरी. खोटी तू नव्हतीस, खोटा माझा डब्ल्यू होता.”

रस्त्यावर आल्यावर ठिणगी सर्वांच्या पुढे पाय आपटत चालली होती. राग काय बटण दाबून बंद होतो? यंत्र बंद झालं तरी धूर थोडा वेळ राहतोच.

“थांब गं,” मावशीनं हाक मारली. भर रस्त्यात ती तिच्यासमोर वाकून उभी राहिली. “तू खरं सांगत होतीस आणि मी तुला खोटारडी म्हटलं. माझं चुकलं.”

ठिणगीनं नाक ओढलं.

“आणि उद्याची गाडी?” चिमणीनं हळूच विचारलं.

“जाऊ दे रिकामी!” ठिणगी म्हणाली आणि मावशीनं पुरावा म्हणून परत आणलेला अँप्लिफायर एका बाजूनं तिनं उचलून धरला.