दोन मेगापिक्सलमधला माणूस

सलीमला भूतखेतांच्या गप्पांचा मनापासून वैताग यायचा. मोबाईल बंद पडतो तो आतला सोल्डरचा टाका सुटला म्हणून, नाहीतर पाणी शिरलं म्हणून, तिसरं कारण जगात नाही, असं तो गिऱ्हाइकाला ठणकावून सांगे. लातूरच्या गंजगोलाईमागच्या बोळात त्याचं दुकान. जुने बटणांचे फोन जिवंत करण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता, आणि हे तोही चारचौघांत बिनदिक्कत सांगायचा.

सोमवारी दुपारी जळकोटकडच्या केवळाबाई आल्या. सोबत धाकटा दीर, दयानंद. केवळाबाईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात रुमालाची गाठोडी. गाठ सुटली आणि सलीम खुर्चीतून अर्धा उठला.

"अरे बाप रे! हा अजून हाय कुणाकडं?"

एके काळी या फोनसाठी लोक जीव टाकत. दोन मेगापिक्सलचा कॅमेरा, मागचं झाकण सरकवलं की आपोआप चालू व्हायचा. गाण्यांसाठी बाजूला वेगळी बटणं, एफएम, ब्लूटूथ, पाचशे बारा एमबीचं कार्ड. व्हिडिओ सेकंदाला पंधरा चित्रांचा, त्यामुळं त्यातली माणसं अडखळत चालायची. तरी लोक म्हणायचे, अख्खी दुनिया खिशात आली.

"व्यंकटदादाचा हाय," दयानंद म्हणाला. "हैदराबादहून आणलेला. दादा बिलोलीला जाऊन येतो म्हणून निघाला, ते बारा वर्षं झाली. फोन घरीच चार्जिंगला राहिला होता. येत्या रविवारी पुतळा जाळायचाय."

सलीमला रीत ऐकून ठाऊक होती. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसला की पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. मग तो मेला असं धरायचं, आणि बायकोनं कुंकू पुसायचं. पुतळ्याच्या तोंडावर लावायला दयानंदला भावाचा फोटो हवा होता, आणि घरात एकही नव्हता. या फोनात होता.

"आमच्या पुनमचं लग्न अडलंय. सोयरे म्हणतेत, आधी बापाचं उरका."

"मला काही उरकायचं न्हाई," केवळाबाई तटकन म्हणाल्या. "ते हायेत. मला आतून कळतं."

दयानंदनं मान फिरवली. सलीमनं फुगलेली बॅटरी काढून दुसरी बसवली. फोन थरथरला, सुरू झाला. गॅलरीत एकच फोटो होता. नांगरलेलं रान, मधोमध कडुलिंब, आणि कडुलिंबाच्याही पलीकडं, पार बांधाला, पांढऱ्या शर्टातला एक माणूस.

केवळाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "असा न्हाई हा. मीच काढला होता, ते निघाले त्या दिवशी. ते हाताच्या अंतरावर होते, हसून राहिले होते."

बारा वर्षांत माणसाची आठवण काय सरळ राहते होय! सलीमनं मनातच म्हटलं. फोटो कॉम्प्युटरवर उतरवून त्यानं मोठा केला. माणूस डोक्यापासून पायापर्यंत चाळीस ठिपक्यांचा. चेहऱ्याच्या वाट्याला पाच आलेले. "शनिवारपर्यंत काही करता येतं का बघतो," तो म्हणाला आणि फोन ठेवून घेतला.

मंगळवारी सकाळी त्यानं फोटो उघडला, तर माणूस कडुलिंबाच्या अलीकडं होता.

कॉम्प्युटरवरचा कालचा फोटो त्यानं शेजारी धरला. त्यात माणूस पलीकडंच. ठिपके मोजले. काल चाळीस, आज सत्तर. फाईलचं वजनही थोडं वाढलेलं. कार्ड खराब झालं असेल, त्यानं स्वतःला समजावलं. पण खराब कार्ड फोटो खातं, अर्धा करडा करून टाकतं. ते माणसाला चालवत नाही.

बुधवारी एकशे तीस.

त्याचं कामात लक्ष लागेना. एका मुलीच्या चांगल्या फोनचा टाका त्यानं जाळून ठेवला, समोरचा चहा दोनदा गार झाला. दर अर्ध्या तासानं हात आपोआप त्या फोनकडं जाई. बघत असताना माणूस हलत नसे. नजर काढून पुन्हा लावली की त्याचा पाय मात्र बदललेला असे, मघाशी डावा पुढं, आता उजवा.

गुरुवारी त्यानं न राहवून केवळाबाईंना फोन लावला. खुळ्यासारखं सगळं सांगून टाकलं.

"येऊन राहिलेत की मग," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, आनंदानं. "रविवारच्या आत पोचतील का, भाऊ?"

सलीमनं कागदावर हिशेब मांडला होता. ठिपके रोज जवळजवळ दुप्पट होत होते. "सोमवार उजाडंल, वहिनी. पुतळा पुढं ढकला."

"माझं ऐकतंय कोण? तुम्ही फोटोच देऊ नका. फोटोबिगर दयानंद काही करणार न्हाई."

"न्हाई देत," सलीम म्हणाला. तेव्हा त्याला ते सोपं वाटलं होतं.

शनिवारी दयानंद स्वतः दुकानात उभा. कार्ड खराब आहे, सोमवारपर्यंत थांबा, असं सलीम म्हणतोय तोवर दयानंदची नजर पडद्यावर गेली. माणूस आता कमरेपासून वर दिसत होता. मिशी, कानातली बाळी, सगळं स्वच्छ.

"दादाच हाय की हो!" दयानंदनं गिऱ्हाइकांसमोर तोंडावर टॉवेल धरला आणि हुंदके द्यायला लागला. "लई वर्षांनी बघतोय. तुमचे उपकार झाले, सलीमभाऊ. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

रडणाऱ्या माणसाला नाही म्हणायला सलीमची जीभ रेटेना. आणि खरं सांगायचं तर, दुसऱ्या कुणाला जमलं नसतं हे शब्द त्याला गोड लागले. त्यानं प्रिंट काढून दिली.

रविवारी तो सकाळपासून काउंटरमागं येरझारा घालत होता. बोळात ऊन पडलं होतं, बाया बांगड्या भरायला चालल्या होत्या. अकरा वाजता त्यानं फोन उचलला.

पडदाभर चेहरा. तोंड अर्धवट उघडं, बोलायच्या बेतात.

त्यानं फोन पालथा ठेवला. दहापर्यंत आकडे मोजले. सुलटा केला.

पाठ होती. पांढऱ्या शर्टाची पाठ.

दुपारी ती कडुलिंबापर्यंत गेली.

सोमवारी माणूस बांधाजवळ पोचला होता, आणि रानात आणखी कुणीतरी होतं. कडुलिंबाच्या अलीकडं, डोक्यावरून पदर घेतलेली बाई. तीही पाठमोरी.

सलीमनं केवळाबाईंना फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. वारा घोंघावत होता, आणि ढेकळांवरून चालताना लागते तशी धाप.

"वहिनी, कुठं हाव तुम्ही?"

"ते पुढं चाललेत, भाऊ. मी हाका मारून राहिले, पण मागं बघंनात. तुम्हाला तिथून दिसतंय ना? किती अंतर राहिलंय आमच्यात?"

तो पडद्यावरचे ठिपके मोजायला लागला. फोन कटला, तो पुन्हा लागला नाही.

मंगळवारी दयानंद आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. रविवारी अकराला पुतळ्याला अग्नी दिला आणि बायका कुंकू पुसायला वळल्या, तर वहिनी जागेवर नव्हत्या. विहिरी धुंडाळल्या, नातलगांची गावं पालथी घातली.

"पोलीस फोटो मागतेत. वहिनीचा आधारवरचा ओळखू येत न्हाई, दुसरा कधी कुणी काढलाच न्हाई. त्या फोनात बघा की, असंल एखादा. तुम्हीच करू शकता, भाऊ."

सलीमनं फोन त्याला दिसणार नाही असा खाली धरून उघडला.

बांधावर व्यंकट नव्हता. पुढं रान रिकामं होतं. केवळाबाई एकट्याच, कडुलिंबाच्या पलीकडं, चाळीस ठिपक्यांच्या.

"न्हाई," सलीम म्हणाला. "यात कुणाचाच फोटो न्हाई."

दयानंद डोळे पुसत पायऱ्या उतरला. सलीमनं पुन्हा खाली बघितलं, तेव्हा केवळाबाई थांबल्या होत्या आणि मागं वळून त्याच्याकडंच बघत होत्या.