यादीत नसलेला क्रमांक

कार्ड आपल्या खाचेत घट्ट बसलं होतं. त्याच्या कडेचा हिरवा दिवाही लागला होता. तरी संगणक सांगत होता, ‘नेटवर्कचं एकही साधन सापडलं नाही.’

“आबा, दिवा लागलाय म्हणजे कार्ड चालू आहे ना? मग याला ते दिसत का नाही?” बारा वर्षांच्या केतकीने विचारलं.

तिच्या आबांनी, म्हणजे आजोबा डॉ. रघुवीर शिरोळकरांनी, चष्मा काढून डोळे चोळले. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या या छोट्या ठाण्यावर संदेशवहनाचं काम त्यांच्याकडे होतं. काल सौर वादळ (सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा लोंढा) आलं आणि जुनं नेटवर्क कार्ड, म्हणजे संगणकाला बाहेरच्या मनोऱ्याशी जोडणारा भाग, निकामी झालं. कोठारातून नवं कार्ड काढून बसवायला घेतलं त्याला आता वीस तास होत आले होते. तेवढा वेळ आबांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

झोपणार तरी कसे? केतकीची आई खाली विवरात अडकली होती. बर्फ आणायला गेलेली तिची गाडी चढाच्या पायथ्याशी थांबली होती. त्या विवरात ऊन कधीच पोचत नाही. मनोऱ्याचे संदेश आले तरच गाडीला अरुंद वाट सापडे, नाहीतर कड्यावरून कोसळायची भीती. गाडीत आता सात तासांची हवा उरली होती आणि वर यायलाच तीन तास लागत. ठाण्यावर दुसरी गाडी नव्हती.

“आबा, पुन्हा पहिल्यापासून सांगा ना.”

“किती वेळा सांगू, केतकी?” आबा वैतागून म्हणाले. मग तिच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहून त्यांचा आवाज उतरला. “बस इथे. बोलताना मलाच काही सुचलं तर सुचलं.”

ती स्टुलावर बसली.

“आपला संगणक लिनक्सवर चालतो. लिनक्स म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारी प्रणाली. आता, कार्ड दिसणं याचे दोन अर्थ आहेत. पहिला, खाचेत काहीतरी बसलंय एवढं कळणं. सुरुवातीला तेही कळत नव्हतं. मी कार्ड काढलं, टोकं पुसली, परत बसवलं. मग ते जोडलेल्या भागांच्या यादीत आलं. हे बघ.”

पडद्यावर एक ओळ होती. नावाच्या जागी ‘अनोळखी’ आणि पुढे दोन क्रमांक.

“पहिला क्रमांक बनवणाऱ्याचा, दुसरा त्या नमुन्याचा. प्रत्येक कार्ड हे दोन क्रमांक स्वतःहून सांगतं.”

“आणि दुसरा अर्थ?”

“त्याच्याशी बोलता येणं. त्यासाठी ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांच्यातला दुभाष्या, एक छोटा प्रोग्राम. या कार्डाला दुभाष्याच मिळालेला नाही.”

“मग पृथ्वीवरून मागवू या.”

आबा हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता. “मागवायचा कशावरून? नेटवर्कसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला नेटवर्क हवं. तिथेच मी हात टेकलेत.”

बोलता बोलता त्यांची मान छातीवर कलली. केतकीने त्यांना उठवलं नाही. तिलाही झोप अनावर होत होती, पण डोळे मिटले की आईची गाडी दिसे. तिने जळलेलं कार्ड उचललं आणि नव्याच्या शेजारी धरलं. दोन्ही अगदी सारखी दिसत होती. जुन्याच्या पट्टीवर नमुना क्रमांक होता ४१७२. पडद्यावर नव्याचा होता ४१७३.

“आबा!” तिने त्यांचा खांदा हलवला. “जुन्या कार्डाचा दुभाष्या अजून संगणकात आहे का?”

“आहे की. तो कुठे जाईल?”

“मग तो याच्याशी का बोलत नाही? दोन्ही एकाच घरची दिसतात. एका अंकाचाच फरक आहे.”

आबा ताठ बसले. “प्रत्येक ड्रायव्हरजवळ एक यादी असते. त्या यादीतल्या क्रमांकाचंच कार्ड तो हाती घेतो. ४१७३ नंतर निघालं असणार, आणि आपला ड्रायव्हर जुना... अगं, त्याला ते कार्ड आपलं आहे हेच माहीत नाही!”

“मग त्याला सांगू या.”

“सांगता येतं. चालू लिनक्समध्ये ड्रायव्हरला नवा क्रमांक कळवायची सोय आहे.” त्यांची बोटं कळफलकावर थबकली. “पण कार्ड आतून वेगळं असलं तर संगणक बंद पडेल. मग तो उठवण्यात आणखी दोन तास.”

केतकीने मनात हिशेब केला. “तरी चार तासांच्या आत होईल. करा, आबा.”

आबांचे डोळे झोपेने मिटत होते, म्हणून दोन्ही क्रमांक केतकीनेच टंकले, एकेक अंक मोठ्याने वाचत. पडदा क्षणभर गोठला. मग ‘अनोळखी’ शब्द गेला आणि त्या जागी कार्डाचं नाव आलं.

ध्वनिक्षेपक खरखरला. “...ठाणं, ऐकताय का? कोणी ऐकतंय का?”

“आई!”

“केतकी? पाय पार आखडलेत गं माझे. थांब, वाट दिसली. निघते मी.”

तीन तासांनी आई दारातून आत आली आणि शिरस्त्राण काढून तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. केतकी तिला बिलगली.

झोपून उठल्यावर केतकीने पृथ्वीकडे एक पत्र पाठवलं. लिनक्स कोणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरची माणसं ते मिळून लिहितात आणि चूक सापडली तर कोणीही कळवू शकतं, असं आबांनी तिला सांगितलं होतं. तिने लिहिलं, ‘४१७३ हे कार्डही याच ड्रायव्हरने चालतं. आम्ही चालवून पाहिलं. कृपया यादीत घालावं.’

चौथ्या दिवशी उत्तर आलं. ‘तपासलं. बरोबर आहे. पुढच्या आवृत्तीपासून हे कार्ड सगळीकडे आपोआप ओळखलं जाईल. मंगळाकडे निघालेल्या यानातही हीच कार्डं आहेत. दुरुस्तीखाली कोणाचं नाव घालायचं?’

आबा खुर्चीतच घोरत होते. केतकीने आधी त्यांचं नाव लिहिलं, मग आपलं.