पोरांच्या दोंगजीची पेज

“ते पोर खरंच आहे का, एवढंच शोधून द्या,” सो-जंग म्हणाली. “आणि लेखी द्या. आईच्या डोळ्यांपुढे धरता येईल असं.”

बान इन-ओकचं ऑफिस चोंगजूच्या बाजारामागे, चष्म्याच्या दुकानावर होतं. इन-ओक पूर्वी विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडत असे. आता स्वतःची पाटी लावून शोधकाम करत होती. मदतीला होता गिल-सू. माणूस सोन्यासारखा, फक्त ट्यूबलाइट.

“पहिल्यापासून सांगा,” इन-ओक म्हणाली.

सो-जंगची आई, प्यो कुम-सुन, हॉस्पिटलच्या फाटकासमोर पेजेचं दुकान चालवत होती. पेशंटचे नातेवाईक तिथूनच डबा नेत. यंदा दोंगजी झाली, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. त्या दिवशी घरोघरी लाल चवळीची पेज होते, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि संध्याकाळी गावातल्या आयांच्या ऑनलाइन कट्ट्यावर कुणीतरी लिहिलं :

‘आज प्योबाईंच्या दुकानातून पेज आणली. सासूबाईंनी नातवाला भरवली. आता माझं चार वर्षांचं लेकरू सलाइनवर आहे. आपापली मुलं सांभाळा.’

खाली फोटो होता. दुकानाचं नाव छापलेला डबा, आत लाल पेज, वर तांदळाच्या गोळ्या.

झालं! ज्यांनी हे दुकान उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांनीही रिव्ह्यूत पाचपैकी एकेक तारा देऊन टाकला. कुणी झुरळ पाहिल्याचं लिहिलं, कुणी ‘खुनी म्हातारी’ म्हटलं. पेज न चाखता पेजेला शिव्या देणाऱ्यांच्या जिभेला हाड नसतं, आणि बोटांना तर त्याहून नसतं.

“आईने दुकान बंद केलं,” सो-जंग म्हणाली. “मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलीय. पाण्याशिवाय काही घेत नाही. सलाइन लावलं तर उपटून टाकलं. डॉक्टर म्हणतात, हृदय आधीच नाजूक आहे, अशी फार दिवस टिकायची नाही. मी सोलहून आले ती इथेच आहे.”

गिल-सूने चहा आणि गोड तांदळाच्या गोळ्या पुढे ठेवल्या. सो-जंगने एक गोळी घेतली, चमच्याच्या पाठीने दाबून चपटी केली आणि मग तोंडात टाकली.

गिल-सू बघतच राहिला.

“लहानपणी एकदा घशात अडकली होती,” ती ओशाळून म्हणाली. “काळीनिळी पडले होते. तेव्हापासूनची सवय.”

“ते लिहिणं अजून आहे कट्ट्यावर?” इन-ओकने विचारलं.

“दुसऱ्या दिवशी सकाळीच काढलं गेलं. मग तर लोक आणखी भडकले. म्हणे, म्हातारीने त्या बिचाऱ्या आईला धमकावलं. फोटो मात्र सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे.”

“कुणी लिहिलं, ते शोधायचं नाही?”

“ते कळून काय करू? आई जगली पाहिजे.”

*

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत पिल-रे भांडी पुसत होती. ती कुम-सुनच्या हाताखाली काम करायची.

“आग लागो त्या मोबाइलला!” ती म्हणाली. “बाई, यंदा पोरांची दोंगजी होती. दोंगजी चांद्र महिन्याच्या सुरुवातीलाच आली की लहान लेकरांना पेज देत नाहीत, वाईट असतं. त्यांना लाल चवळीच्या वाफवलेल्या वड्या द्यायच्या. ताई याबाबतीत भलती कडक! प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत होती, घरात लहान आहे का? ‘हो’ म्हटलं की वड्या. पेजेसाठी लोक भांडले, पण नाही म्हणजे नाही.”

“कुणी खोटं सांगून पेज नेली असेल,” गिल-सू म्हणाला.

“नेली असेल बापडी. काय सांगावं?”

“त्या गोळ्या कोण करतं?” इन-ओकने विचारलं.

“मीच. मशीनवर. एकसारख्या गोल निघतात. फक्त लेकीचा डबा ताई स्वतः भरते. पीठही हाताने मळते. आदल्या दिवशी कुरिअरने सोलला जातो. त्याला मला बोट लावू देत नाही.”

“पोलिसांत का गेला नाहीत?”

पिल-रेने फडकं आपटलं. “मी निघालेच होते! म्हटलं, पोलीस नाव काढतील, बदनामीचा खटला ठोकू. आधी ताईला फोटो दाखवला. तिने बघितला. नुसती बघत बसली. मग म्हणाली, तक्रार करायची नाही, शटर ओढ. त्यानंतर घास नाही घेतला.”

समोरच्या पेजेच्या दुकानात गर्दी होती. मालकीण बोंग-जा आजी पळीसकट बाहेर आली.

“माझ्यावर संशय ना? या! सगळी गल्ली तेच बोलतेय.”

“तुमचा धंदा वाढला, आजी.”

“वाढला. आणि रात्री झोप लागत नाही. ती आणि मी आयुष्यभर एकमेकींच्या नावाने बोटं मोडली, पण समोरासमोर. मला तिचं वाटोळं करायचंच असतं, तर वड्या खाऊन पोर आजारी पडलं असं लिहिलं असतं. यंदा कुठली सासू नातवाला पेज भरवेल? ज्याने लिहिलं त्याच्या घरात पोरही नाही आणि सासूही नाही.”

“फोटो तिच्याच दुकानातला आहे?”

“डबा तिचाच. पण गोळ्या बघा की! शर्टाच्या बटणासारख्या चपट्या. कुम-सुनची गोळी अशी कधी नसते. मला वाटलं, थकली बिचारी.”

तिसरा संशयित होता कुक सांग-हून. पैसे घेऊन वाईट रिव्ह्यू दाबून देण्याचा त्याचा धंदा होता. दोंगजीच्या आधी तो कुम-सुनकडे गेला होता. तिने पळी उगारून त्याला हाकललं होतं.

“मी रिव्ह्यू पुसतो, मॅडम, लिहीत नाही,” तो हसत म्हणाला.

“दोंगजीला काय खाल्लंत?”

“पेज. सगळ्यांनीच. माझ्या चिमुरड्या पोरीने तर दोन वाट्या हाणल्या.”

जिन्यात गिल-सूने इन-ओकचा दंड धरला. “बाई, हाच! याला पोरांची दोंगजी ठाऊकच नाही. आणि राग तर आहेच.”

“डबा कुठून आणला याने? ज्याला पळीने हाकललं त्याला कोण देईल?”

“माणूस पाठवला असेल.”

“मग गोळ्या गोल असत्या, गिल-सू.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी इन-ओकने सो-जंगला दुकानात बोलावलं.

“सगळ्यांना जमवायचं ना?” गिल-सूने उत्साहाने विचारलं.

“नाही. फक्त तिला.”

सो-जंग आली. इन-ओकने तिला खुर्ची दिली.

“पोर नाहीये. आजारीही नाही आणि बरंही नाही. मुळात नाहीच.”

सो-जंगने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. “लेखी देता ना? मी आत्ता आईला…”

“बसा. गाव मला एकच विचारतंय, कुणी लिहिलं? तुम्ही ते एकदाही विचारलं नाहीत. आईचा जीव टांगणीला लावणाऱ्याचं नाव ज्या लेकीला नको असतं, तिला ते ठाऊक असतं.”

“काय बोलताय तुम्ही?”

“लिहिणाऱ्याला पोरांची दोंगजी माहीत नव्हती. म्हणजे ती व्यक्ती त्या दिवशी या दुकानात आलीच नव्हती. आली असती तर आईने तिलाही विचारलं असतं, घरात लहान आहे का? पिल-रेने वड्या बांधल्या, बोंग-जाने पंचांग पाहिलं होतं. दोघी सुटल्या. राहिला कुक. पण दुकानातून निघालेल्या प्रत्येक डब्यात मशीनच्या गोल गोळ्या होत्या. फोटोत चपट्या आहेत. चपट्या गोळ्या एकाच डब्यात असतात, जो आई स्वतः भरते. ज्या लेकीच्या घशात एकदा गोळी अडकली, तिच्यासाठी.”

गिल-सूच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला.

 सो-जंग एकदम बोलत सुटली.

“तिची मनगटं गेलीयत, बाई! डॉक्टरांनी सांगितलं, ढवळणं थांबवा, नाहीतर हात कायमचा जाईल. रात्री फोनवर रडायची आणि पहाटे पुन्हा पातेल्यापाशी उभी. पाया पडले मी तिच्या. मला वाटलं, थोडं गिऱ्हाईक तुटेल, वैतागून बंद करेल. एवढंच! सकाळी उठले तर शेकडो लोक… मी लगेच काढलं हो. पण ते थांबेचनात.” तिने तोंड पुसलं. “मला शिक्षा करा, काहीही करा. आधी आईला सांगू द्या की पोर नाहीये. मग ती जेवेल.”

“ते तिला पहिल्या क्षणापासून माहीत आहे,” इन-ओक म्हणाली.

“कसं?” सो-जंगने विचारलं.

“त्या गोळ्या तिने स्वतःच्या हाताने दाबल्या होत्या. फोटो पाहिला आणि ओळखलं. म्हणून तर तक्रार केली नाही. पोलीस शोधत शोधत कुणाच्या दारात येतील, ते तिला कळलं होतं. ती त्या पोरासाठी उपाशी नाहीये, सो-जंग.”

सो-जंग उठली. मागच्या खोलीचं दार सरकवून आत गेली आणि तिथेच जमिनीवर कोसळली. दार उघडंच राहिलं.

“आई, मी होते.”

पांघरुणातून आवाज आला. “कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस? शिव्या तरी द्यायच्यास!”

“काय बोलू? तुझ्यासाठी केली होती ती पेज.”

सो-जंग ढसाढसा रडली. मग तिने मोबाइल काढला. “मी लिहिते. माझ्या नावाने. सगळं खरं लिहिते. तुझ्या दुकानाचं नाव…”

म्हातारी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा भिंतीकडून वळली. सुजलेल्या हाताने तिने लेकीचं मनगट पकडलं.

“नाही लिहायचं. मला त्यांनी काय केलं ते पाहिलंस ना? मी तर परकी होते त्यांना. आईच्या जिवावर उठलेल्या लेकीला ते फाडून खातील. तुझी नोकरी, तुझं घर, काही ठेवणार नाहीत.”

“पण तुझं नाव, आई!”

“गेलं ते गेलं. पेज वाईट होती, असंच राहू दे.” तिला धाप लागली. “तू लिहिणार नसशील तर मी खाते. लिहिलंस तर नाही.”

दारातून पिल-रे तांदळाची पातळ पेज घेऊन आली होती. ती तिथेच थबकली. गिल-सू काहीतरी बोलणार होता, इन-ओकने त्याचा खांदा दाबला.

सो-जंगचा अंगठा अजून मोबाइलवरच होता. तिने आईकडे पाहिलं. मग मोबाइल बंद केला, पिल-रेच्या हातून वाटी घेतली आणि चमचा भरला.

कुम-सुनने तोंड उघडलं.