टाळी सात वेळा परत येते

वास :
ओल. गंज. आणि... साबण?
"ताई, साबण बदललास वाटतं!"
ताई गप्प. गप्पच राहायचं असतं. ओसाड जागांची पाहणी आम्ही अशीच करतो — एकीने डोळ्यांवर पट्टी बांधायची, दुसरीने कोपर द्यायचं. जागा आधी नाकाने, कानाने, बोटांनी कळली पाहिजे. मग ती लोकांना पुन्हा हवीशी कशी करायची ते ठरवायचं. दुसरी म्हणजे ही ताई, माझी आतेबहीण. भुयारी रस्त्याच्या तोंडाशी तिचं कोपर चाचपून धरताना मी दम दिला होता, "शब्द काढलास तर बघ!"

स्पर्श :
भिंत गार. मध्येच शेवाळ, मऊ.
कोपर — टणक!
"चोरून व्यायाम करतेस?"
कोपर थरथरलं. हसत होतं बहुतेक.

आवाज :
टप्प... टप्प. मधोमध मी टाळी वाजवली. सात वेळा परत आली!
"इथे बसायला जागा हवी गं. आणि खरं सांगू? हे कोपर धरून मी कुठेही जाईन."
लांब मागून ताई किंचाळली, "अगं ए! मी फोनवर बोलत होते... तू कुणाबरोबर चाललीस?"

दृश्य : (हा रकाना आम्ही कोराच ठेवतो.)
मी पट्टी ओरबाडली.
गवंडी. एका हातात थापी, भुवईवर सिमेंट.
"तु... तुम्ही?"
"तुम्ही धरलंत. सोडवून घ्यायला जीव होईना."
"बोलायचं तरी!"
"शब्द काढला असता तर?"
मला हसू फुटलं — आणि तिथेच गोठलं. त्याच्या मागे विटांचा ढीग होता.
"या... कशाला?"
त्याने मान खाली घालून खिशातला कागद दिला. भुयारी रस्त्यात भिंत बांधणे. लांबी चार मीटर. काम उद्या.
हा रस्ता पुन्हा वापरात आणायचा माझा अहवाल सोमवारी जायचा होता. मी ज्याचं कोपर धरून आले, तोच रस्ता बुजवणार होता!
"वर्षभर खपतेय मी या जागेसाठी," मी म्हणाले.
त्याने कागद परत घेतला, पुन्हा वाचला. एका ओळीवर बोट थबकलं. मग हळूच टाळी वाजवली... मोजली.

दुसरा दिवस. कुठला रकाना, माहीत नाही.
विटा संपलेल्या. धावत पुढे गेले —
भिंत होती. रस्त्याच्या कडेने, गुडघ्याएवढी, वरून गुळगुळीत. तिच्यावर तो बसला होता.
"ही... भिंत?"
"कागदाप्रमाणे. उंचीचा रकाना कोरा होता. आडवी की कडेने, तेही लिहिलं नव्हतं."
"साहेब ओरडतील!"
"ओरडू देत. सात वेळा ऐकू येईल." तो उठला. कानाच्या पाळ्या लाल. "दुसरा कागद निघायला आठवडा लागतो. तुमचा अहवाल सोमवारी पोचेल ना?"
"पोचेल."
"मग... 'कुठेही जाईन' म्हणालात..." त्याने कोपर पुढे केलं.
मी पर्समधून पट्टी काढली. त्याच्या डोळ्यांवर बांधली. त्याचा हात माझ्या कोपरावर ठेवला.
"अहो, पण—"
"शब्द काढलास तर बघ," मी म्हणाले.