काळ्या धारेवरच्या तीन शिट्ट्या

हे खरंच घडलंय. पटत नसेल तर खुशाल पुढे सरका, मी कुणाच्या पाया पडणार नाहीये.

स्काय बेटावरचा आमचा काळा डोंगर. ऑक्टोबरातली दुपार. मी आणि आई.

माझा भाऊ रुआरी बचाव पथकात होता. दोन वर्षांपूर्वी धुक्यात हरवलेल्या एका बाहेरगावच्या पाहुण्याला शोधायला वर गेला. पाहुणा दुसऱ्याच वाटेनं सुखरूप खाली उतरला...

रुआरी आला नाही. सापडलाही नाही.

तेव्हापासून आई जमेल तेव्हा डोंगर चढायची. तिला एकटीला कशी सोडणार? मीही जायचे.

त्या दिवशी डोंगराच्या धारेवर असताना धुकं उतरलं. हातभर पुढचं दिसेना. मी होकायंत्र काढलं.

"अगं बये, ठेव ते खिशात!" आई ओरडली. "या दगडात लोखंड आहे. ती सुई कड्यावरून खाली घालेल आपल्याला."

खरंच, सुई भलतीकडेच बघत होती.

उरली शिट्टी. आमच्याकडे हरवलेला माणूस सहा शिट्ट्या मारतो. शोधणारा तीन मारून उत्तर देतो.

मी सहा मारल्या.

काहीच नाही...

वारासुद्धा थांबला होता.

आणि मग खालून... तीन. तिसरी लांबलचक ओढलेली.

आईनं माझी बाही धरली. डोंगरावरून घरी येताना रुआरी अशीच शिट्टी ओढायचा. म्हणजे चहा टाक.

"कर्स्टी, माझं लेकरू गं ते!"

आम्ही आवाजामागे निघालो. मी सहा मारायचे, खालून तीन यायच्या. खिंडीतून घसाऱ्यावर, सुट्या दगडांच्या उतारावर आलो. आमच्या पायाखाली दगड खडखडत होते...

पुढे, शिट्टी येत होती तिकडे, मात्र एकही दगड वाजत नव्हता.

पायथ्याशी धुकं संपलं. पथकातला टॉर्क्विल काका आमच्या गाडीपाशी उभा होता.

"रुआरी कुठंय?" आईनं धापा टाकत विचारलं.

काका गडबडला. "वहिनी... आज वर तुम्ही दोघीच होतात."

आई डोंगराकडे वळली. "ये ना रे बाळा, आता तरी ये खाली!"

उत्तर आलं नाही.

लोक म्हणतात, त्यानं तुम्हाला वाचवलं. वाचवलं असेल. माझा जीव तुटतो तो वेगळ्याच गोष्टीनं. तीन शिट्ट्या शोधणारा मारतो. म्हणजे आपण स्वतःच हरवलोय, हे रुआरीला ठाऊकच नाही.

काल संध्याकाळी वरून पुन्हा तीन आल्या...

डोंगरावर कुणीच नव्हतं. कुणी हाक मारली नव्हती.

तो पाहुणा केव्हाच घरी पोचलाय, हे त्याला कोण सांगणार?