जुन्या ट्रान्सफॉर्मरचा हुंकार

"हूं न्हाय का चूं न्हाय. ह्याला काय चालू झालं म्हणायचं?"

नागूबाई पुटपुटल्या. अगदी दैवशालाच्या कानाशी. आणि टीव्हीवर लुकलुकणाऱ्या पांढऱ्या चौकोनाकडं असं बघितलं, जणू वाण्यानं मापात मारलंय.

इथून पुढचं सगळं खरं आहे.

दैवशाला माझी मावसबहीण. ती कधीच खोटं बोलत नाही, असं मी म्हणणार नाही. साडीची खरी किंमत तिच्या सासूला आजवर कळलेली नाही. पण हे सांगताना तिचा आवाज बसला होता, आणि ती बाई कशालाही घाबरत नाही.

साल दोन हजार एकवीस. दिवाळी तोंडावर आलेली. उमरग्याजवळचं एक गाव. नाव सांगत नाही, घरातली माणसं अजून तिथंच राहतात.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती. भुतं रात्रीच निघतात हे ज्यानं कुणी ठरवलं, त्यानं जेवणानंतरची गावातली शांतता ऐकलेली नसावी.

दैवशाला उमरग्यात मिक्सर, पंखे, टीव्ही दुरुस्त करते. कुणी शिकवलं नाही. बिघडलेल्या वस्तू उघडून उघडून शिकली. तिचं एक ठरलेलं वाक्य आहे : वायर न्हाय तिथं करंट न्हाय.

त्या दिवशी तिच्या दुकानाशेजारी राहणारी दीपाली तिला आपल्या माहेरी घेऊन गेली. जुना कॉम्प्युटर चालू करायचा होता. कीबोर्डच्या पोटातच सगळं असतं आणि टीव्हीला जोडावा लागतो, तसला. दीपालीचे वडील रामहरी, घरातले आण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनी थोरल्यासाठी, शिवराजसाठी, तो सोलापूरच्या जुन्या बाजारातून आणला होता. शिवराज त्याच्यावरच शिकला आणि पुण्याला नोकरीला लागला. लग्न काही केलं नाही. पण दर दिवाळीला यायचा, आणि हातपाय धुवायच्या आधी त्या कॉम्प्युटरसमोर बसायचा.

उंबऱ्याबाहेरच दीपालीनं दैवशालाचा हात धरला.

"अक्का, आई दादाचं इचारील. 'येतोय दिवाळीला' म्हणायचं. बस."

"का? येत न्हाय?"

दीपालीनं दार हळूच ओढून घेतलं.

"चैत्रातच गेला... करोनात. पुण्याच्या दवाखान्यात. आई तवा सवताच ऑक्सिजनवर व्हती. डॉक्टर म्हणले, हृदय लई नाजूक हाय, धक्का देऊ नका. मग उद्या सांगू, उद्या सांगू..."

"आन ती इचारत न्हाय?"

"आण्णा सांगत्यात ना. कंपनीनं अमेरिकेला धाडलंय म्हून. आपली रात तवा तिकडं दिवस. 'काल तू झोपल्यावर फोन आल्ता' म्हणत्यात."

कॉम्प्युटर चालू करायचा हट्ट दीपालीच्या आईचा, नागूबाईंचाच. पोरगा येईल, बसेल. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

दैवशाला आत गेली. पाच मिनिटांत खोटं बोलून मोकळीही झाली.

मग तिनं कॉम्प्युटर उघडला. आतला जुना ट्रान्सफॉर्मर अर्ध्या विटेएवढा, आणि तेवढाच जड. शेजारचे कपॅसिटर फुगून फुटलेले. तिनं वायरी कापल्या, ट्रान्सफॉर्मर बाहेर काढला आणि खिडकीत ठेवून दिला. त्याच्या जागी दुकानातून आणलेला नवा सप्लाय बसवला. साबणाच्या वडीएवढा. मीटर लावून पाच व्होल्ट बघून घेतले. जास्त गेले असते तर आतल्या चिपा जळाल्या असत्या.

बटण दाबलं. टीव्हीवर चौकोन लुकलुकायला लागला.

आणि नागूबाई पुटपुटल्या, ते वर सांगितलंच.

"मावशी, नव्या सप्लायला आवाज नसतो."

"आगं, पैला कसा हूंऽऽ करायचा! म्या आत भाकरी थापत बोलायची, शिवराज हितं बसलेला. त्यो कुठला ऐकतोय! पर ह्यो हुंकार द्यायचा. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो, पोरी. न्हायतर भिताडाशी बोलल्यागत हुतं."

खाटेवरून रामहरी म्हणाले, "गप बसणारं घावलं व्हय? दैवशालाबाई, मलाबी तसलंच एक बघा."

"तुमाला कुठलं घावतंय! तुमच्या नशिबात म्याच," असं म्हणत नागूबाई स्वैपाकघरात गेल्या. चिवड्याचे पोहे भाजायचे होते.

सगळे हसले. दैवशाला पाने-पेचकस पिशवीत भरायला लागली.

लाईट गेली.

पंखा थांबला. टीव्ही काळा झाला. शेजारची पिठाची गिरणी बंद पडली. अख्खं गाव गप.

आणि...

हूंऽऽऽ...

दैवशालाचा हात पिशवीतच राहिला.

"इन्व्हर्टर हाय का घरात?"

दीपालीनं मान हलवली. नाही.

दैवशालानं कॉम्प्युटरला कान लावला. तो गार, मुका. फ्रीज बंद. मग ती हळूहळू खिडकीकडं वळली.

जुना ट्रान्सफॉर्मर तिथंच होता. कापलेल्या वायरी हवेत.

तिनं मीटर लावलं. शून्य.

हात लावला...

गरम होता. दिवसभर चालल्यासारखा गरम. आणि तळहाताखाली बारीक थरथरत होता.

"झाला बगा सुरू!" आतून नागूबाईंचा आवाज आला. लेकरू रुसवा सोडून जेवायला बसल्यावर येतो, तसला. "आलास का ताळ्यावर? पोहे भाजतीया. शेंगदाणं जास्तीच टाकू न्हवं?"

हूंऽऽ...

"खोबरं न्हाय टाकत. तू उगं येचून ताटाच्या कडंला लावतूस."

हूंऽऽ...

दीपालीनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. रामहरी खाटेवर उठून बसले होते. त्यांचे पाय जमीन शोधत होते आणि त्यांना ती सापडत नव्हती.

आवाज सलग नव्हता, हे दैवशाला मला पुन्हा पुन्हा सांगते. वाक्य संपल्यावरच यायचा. नागूबाई मध्येच थांबल्या, शब्द आठवायला लागल्या, तर तोही थांबायचा. वाट बघायचा.

आजही दुकानात लाईट गेली की ती हातातलं काम टाकते आणि बाहेर उन्हात जाऊन उभी राहते. लाईट आल्याशिवाय आत येत नाही. गिऱ्हाइकाला सांगते, आत उकडतंय. मी एकदा म्हटलं, "अगं, ती वायर कुठंतरी चिकटली असेल." ती म्हणाली, "म्या सवता कापली व्हती." आणि खरं सांगते, हे लिहिताना मीसुद्धा पंख्याकडं सारखी बघते आहे.

तर, त्या दुपारी...

"दवाखान्यात लई तरास झाला म्हणं तुला?" नागूबाईंनी विचारलं.

दीपाली दचकली. दवाखान्याचं आईला कुणीच सांगितलं नव्हतं.

हूंऽऽ... बारीक. थकलेला.

"आता बरं हाय का?"

हूंऽऽ...

"मग दिवाळीला येतूस न्हवं?"

...

कढईतला झारा थांबला.

"शिवराज? येतूस न्हवं रं?"

...

दैवशालाचा हात अजून ट्रान्सफॉर्मरवरच होता. तो तिच्या हाताखाली गार होत गेला. ताप उतरावा तसा. मग नुसतं लोखंड उरलं.

नागूबाई दारात आल्या. झारा हातातच. आत पोहे करपल्याचा वास सुटला होता, पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी लेकीकडं बघितलं. दैवशालाकडं बघितलं. दैवशालानं मान खाली घातली. मग त्या नवऱ्याकडं वळल्या.

"अवो, गप का झाला त्यो? तुमच्यासंगं तर रोज बोलतो."

रामहरींनी तोंड उघडलं. दैवशालाला वाटलं, आता अमेरिका निघणार, रात्रीचा फोन निघणार. दीपालीही डोळ्यांनी तेच सांगत होती.

रामहरींची नजर खिडकीकडं गेली. मग हात लांब करून त्यांनी बायकोला आपल्या शेजारी खाटेवर बसवलं. तिच्या हातातला झारा काढून खाली ठेवला.

"मला कुणाचा फोन येत न्हाय, नागू," ते म्हणाले. "तोंडबी बघाया मिळालं न्हाय मला त्येचं. आपला शिवराज गेला."