झाडामागची पेटी

अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीची गाडी लागली होती आणि खिडकीच्या जागेवर एक हार्मोनियम बसलं होतं. चांगलं ऐसपैस, फुलाफुलांची खोळ पांघरून. शेजारी त्याचा मालक शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होता.

आता प्रियदर्शनीला खिडकी नसली की पंचाईत व्हायची. मूर्तिजापूर यायच्या आत चेहरा पिवळा पडायचा. आणि नेमकी त्या दिवशी गाडीत दुसरी खिडकी रिकामी नव्हती.

"पेटीले हवा लागते का?" तिनं जरा घुश्शातच विचारलं.

"लागते ना," तो चष्मा चढवत म्हणाला. "हवेवरच तर वाजते."

भांडायच्या तयारीनं आलेली बाई यावर काय करणार? हसलीच. त्यानं पेटी मांडीवर घेतली, पाय आखडले आणि तिला आत जाऊ दिलं. वर का नाही ठेवत, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, "पणजोबाची हाये माह्या. वर ठेवली का रुसते."

त्याचं नाव संघपाल. वीज कंपनीत नोकरी, आणि रविवारी पेटी. बडनेरा यायच्या आत दोघांना उमगलं की आपण एकाच ठिकाणी निघालोय... ओमप्रकाशच्या संत्र्याच्या बागेत.

हा ओमप्रकाश म्हणजे अमरावतीच्या सिनेमावेड्यांचा म्होरक्या. सिनेमा नुकताच बोलायला लागला होता ते एकोणीसशे बत्तीस साल त्याच्या डोक्यात शिरलं होतं. त्या सालाच्या आठवणीसाठी एका गाण्याचा छोटा बोलपट करायचा, पण अगदी तेव्हाच्या रीतीनं, असा त्याचा हट्ट. म्हणजे नायिकेनं स्वतःच गायचं. माईक एकच, तोही फांदीत लपवलेला. वाजवणाऱ्यानं झाडाआड बसायचं, कॅमेऱ्याला दिसायचं नाही. आणि गाणं एका दमात. मधे कोणी खोकलं की पुन्हा पहिल्यापासून! एकदा पूर्ण झालं की मात्र त्यात कात्री घालायची नाही, जसं निघालं तसं ठेवायचं. भीमगीतांच्या एका कार्यक्रमात त्यानं प्रियदर्शनीचा आवाज ऐकला होता, म्हणून नायिका ती.

संघपालनं त्या सालाची आपल्या घरातली गोष्ट तिला सांगितली. मुका सिनेमा होता तेव्हा त्याचे पणजोबा पडद्यासमोर अंधारात बसून हीच पेटी वाजवायचे. बोलपट आला, पेटीची गरज संपली, पणजोबा घरी आले. लोक त्या सालाचं कौतुक करतात, पण त्याचे वडील देवीदास अजूनही म्हणतात की आपली पेटी इतकी वर्षं सिनेमात वाजली, पण अंधारात कोणाला दिसली नाही. हे सांगताना तो खोळीवरून हात फिरवत होता. प्रियदर्शनी खिडकीबाहेर बघायचं विसरूनच गेली.

बाग आंबिया बहरानं लदलेली. पांढऱ्या फुलांचा असा वास की बोलता बोलता माणूस थांबावा. ती झाडापुढे उभी, तो झाडामागे. दिसायचं काहीच नाही... नुसता सूर यायचा पानांतून, आणि तिला वाटायचं कोणीतरी अगदी कानाशी बोलतंय. ती गायची, तो सांभाळून घ्यायचा. सगळं सुरेख चालायचं, आणि शेवटच्या कडव्यात पेटी चुकायची.

दर वेळी तिथंच. ओमप्रकाश डोकं धरून बसायचा. माशी आली, बोट घसरलं, पेटीला सर्दी झाली... संघपालजवळ कारणांना तोटा नव्हता. उजेड उतरायचा आणि काम पुढच्या रविवारवर जायचं. मग परतीची गाडी, मांडीवर पेटी, खिडकीशी ती, आणि दोघांत वाटून खाल्लेली संत्री. साल तो सोलायचा, बिया ती मोजून त्याच्या हातावर ठेवायची. पहिल्यांदा ती चिडली होती. पण पुढच्या खेपेला तो चुकला तेव्हा तिला मनातून बरंच वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

आणि मग पुण्याची ऑर्डर आली. अकोल्यात तासिका तत्त्वावर इतकी वर्षं घासल्यावर कॉलेजात पक्की नोकरी! अमरावतीला आईबाबांनी पेढे वाटले. तिनं पेढ्याचा डबा बागेतही आणला. संघपालनं पेढा घेतला, अभिनंदन म्हटलं, आणि तो हातातच ठेवला.

तो शेवटचा रविवार होता. फुलं गळायला लागली होती. आज झालं नाही तर बोलपटाचं बारसंच व्हायचं नाही, असं ओमप्रकाशनं बजावलं. दुपारी चहाच्या वेळी प्रियदर्शनी विहिरीकडून परतत होती, तर बांधावर बसून संघपाल तण काढणाऱ्या बायांना तेच गाणं वाजवून दाखवत होता. अख्खं. शेवटचं कडवंही, कुठं अडखळ नाही की काही नाही.

ती बांधाशीच थांबली. मग हळूहळू सगळं लक्षात आलं, आणि गालांवर ऊन आल्यासारखं झालं.

बाया गेल्यावर ती त्याच्यापुढे उभी राहिली. "संघपाल, गाणं पूर्ण झालं तर काय होईन?"

त्यानं मान वर केली नाही. "तुमी जासान."

"अन् नाही झालं तर?"

"तरी जासान... पण वाटते, एक रविवार अजून भेटन."

कोणी आपल्यासाठी इतक्यांदा चुकतं का? तिला हसावं की रडावं कळेना. ती एवढंच म्हणाली, "आज नीट वाजवा. पणजोबाची पेटी हाये." आणि जाऊन आपल्या जागी उभी राहिली.

त्यानं वाजवलं. असं वाजवलं की ओमप्रकाशच्याही डोळ्यांत पाणी आलं. शेवटचं कडवं आलं, तिनं गाता गाता कान झाडाकडे लावला... आणि पेटी चुकली नाही. शेवटचा सूर फुलांत विरला. संघपालनं तिला जाऊ दिलं होतं. ते तिला जितकं आवडलं तितकंच लागलंही.

थांबा म्हणायचं काम ओमप्रकाशचं, पण तो डोळे पुसत होता. कॅमेरा चालू, माईक चालू. आणि प्रियदर्शनीला राहवलं नाही.

"बाहेर या," ती झाडाकडे वळून म्हणाली. "पेटी घेऊन या."

पानं हलली. तो आला, पेटी छातीशी धरून, केसांत पांढरी फुलं अडकलेली. "काहून?"

"आता चुकत जाऊ नका. मी तशीबी येईन."

ओमप्रकाशनं नंतर पुष्कळ डोकं आपटलं. पण कात्री घालायची नाही हा नियम त्याचाच! एप्रिलमध्ये अकोल्याच्या हॉलमध्ये तो बोलपट जसाच्या तसा लागला. गाणं संपलं, ती बोलली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत देवीदास मात्र उभेच राहिले होते. मागच्यांनी बसा म्हटलं तरी त्यांना ऐकू गेलं नाही. "दिसली," एवढंच ते म्हणत होते, "आपली पेटी दिसली." प्रियदर्शनी सकाळीच पुण्याहून आली होती. अंधारात तिनं संघपालचा हात धरला तो दिवे लागले तरी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं अमरावतीच्या गाडीत चढले. तिच्या आईबाबांना भेटायचं होतं, आणि जावई बोलून दाखवण्यापेक्षा वाजवून दाखवेल तर बरं, असं तिचं मत होतं. सवयीनं त्यानं पेटी मांडीवर घेतली. तिनं ती उचलली, खिडकीशी नीट ठेवली, आणि आपण मधे बसली.

"अन् तुमाले मळमळलं तर?"

"तर तुमच्या खांद्यावर डोकं ठेवीन," ती म्हणाली.

गाडी अजून स्टँडमधून सुटलीसुद्धा नव्हती, पण तिनं डोकं ठेवलं होतं.